पुसली गेलेली ओळ

संगणक दुरुस्त करणारा माणूस थोडा भित्रा असावा, असं माझं मत आहे. धीट माणूस पटकन बटण दाबतो. भित्रा माणूस आधी पाणी पितो, वहीत चार आकडे उतरवून घेतो आणि समोरच्याला पुन्हा एकदा विचारतो, "नक्की काढून टाकू ना?" ग्राहक वैतागतात. पण वैतागलेला ग्राहक परवडतो, रडणारा परवडत नाही.

मी मूळचा असा नव्हतो. मला भित्रं केलं मोखाड्याने, आणि तेही दोन दिवसांत.

एकोणनव्वद सालातली गोष्ट. मी ठाण्यातल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. पालघर जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, सगळा ठाणेच. संगणक मोजक्या ठिकाणी असत आणि जिथे असत तिथे देवघरासारखे जपले जात. वाड्याला एक भातगिरणीवाले होते. कोंडा जाऊ नये म्हणून ते चालू मशीनवर घोंगडी पांघरून ठेवत आणि ते तापून बंद पडलं की मला बोलावत. डहाणूला एका चिकूच्या बागायतदाराच्या मशीनमध्ये उंदरीण व्यालेली सापडली. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत मशीन उघडायचं नाही, असं त्यांच्या आईंनी मला बजावलं. मी आठवड्याने परत गेलो. असल्या गोष्टी मी कंपनीत रंगवून सांगायचो. माझी नोकरी नवीन होती, प्रोबेशनचे दोन महिने उरले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

शिवाय जव्हार-मोखाड्याकडचं काम आलं की साहेब माझंच नाव घेत, कारण मी जव्हारचा. माझ्या वडिलांचं, अब्बांचं, तिथल्या बाजारात घड्याळं दुरुस्त करण्याचं लहानसं दुकान होतं. मुक्कामाला घर, त्यामुळे कंपनीचा लॉजचा खर्च वाचायचा.

मे महिन्याच्या शेवटी मोखाड्याहून निरोप आला. तिथे एका डॉक्टरबाई आरोग्य केंद्र चालवत. संस्थेचं नाव लिहीत नाही. मुंबईच्या कुठल्याशा कारखान्याने त्यांना आपला जुना संगणक भेट दिला होता. त्याची हार्ड डिस्क भरली होती. "अर्धी जागा जुन्या सिस्टिमने अडवली आहे, ती काढून आम्हाला द्या," एवढंच काम.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. संगणकातली सगळी माहिती हार्ड डिस्कवर असते. तिचे दोन-तीन भाग पाडता येतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका भागात एक ऑपरेटिंग सिस्टिम, दुसऱ्यात दुसरी. कारखान्याने आधी त्यावर स्वतःची एक वेगळी सिस्टिम चालवली होती, मग उरलेल्या जागेत डॉस, म्हणजे तेव्हा सगळीकडे चालणारी सिस्टिम, टाकलं होतं. आरोग्य केंद्राचं सगळं काम डॉसच्या भागात चाले. डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक छोटा तक्ता असतो, चार ओळींचा. कोणाचा भाग कुठून कुठपर्यंत, ते त्यात आकड्यांत लिहिलेलं असतं. त्यातली एक ओळ पुसली की तो भाग मशीनच्या लेखी संपला. आतली माहिती लगेच नष्ट होत नाही, पण ती कुठे सुरू होते हेच मशीनला कळत नाही. नंतर त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की मात्र ती कायमची गेली.

त्या वेळच्या डॉसला परक्या सिस्टिमचा भाग दिसायचा, पण काढता यायचा नाही. तो काढायला त्याच सिस्टिमची मूळ फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवायची पातळ चकती, लागायची. ती कारखान्यात कधीच हरवली होती. म्हणून तक्ता उघडून ती ओळ हाताने पुसायची, असं मी ठरवून गेलो होतो.

केंद्रातल्या एका खोलीत मशीन होतं. वर पत्रा, खाली शेणाने सारवलेली जमीन, टेबलावर व्होल्टेज सांभाळणारा स्टॅबिलायझर. मशीनपाशी बसायची ती सुमन. जवळच्याच पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकून बारावी झालेली, पंचविशीच्या आतली मुलगी. डॉक्टरबाईंनी तिला टायपिंग शिकायला नाशिकला पाठवलं होतं.

"यात आहे काय एवढं?" मी विचारलं.

"पोरांची वजनं," सुमन म्हणाली. "सहा वर्षांच्या आतली. दर महिन्याला तोलतात. ज्याचं वजन लागोपाठ खाली आलं त्याच्या नावापुढं चांदणी येते. चांदणीवाल्याच्या घरी बाई जीप घेऊन जातात."

माणसं नुकतीच वीटभट्ट्यांवरून परतली होती. भिवंडी-वसईकडे आठ महिने काढून आलेली आणि गावातच राहिलेली, सगळी पोरं त्याच आठवड्यात तोलली गेली होती. पाऊस लागला की वावर-वांगणीकडच्या वरच्या पाड्यांवर जीप जात नसे. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी जीप शेवटची फेरी मारणार होती आणि त्याआधी यादी छापून हवी होती. डिस्क भरल्यामुळे यादी निघत नव्हती.

"आणि मूळ कागद?"

"चिठ्ठ्या व्हत्या. मशीनमधी भरून झाल्या की चुलीत घालायच्या. गेल्या साली वाळवी लागली तवापासून कागद ठेवतच नाय आम्ही."

हे ऐकून मी थबकायला हवं होतं. मी फक्त मान हलवली.

आधी सगळ्याची नक्कल फ्लॉप्यांवर काढली. माझ्या पिशवीत कंपनीच्या नव्या फ्लॉप्यांचा डबा होता, पण त्या वापरल्या की वर जाब द्यावा लागे. म्हणून मी केंद्राच्याच जुन्या फ्लॉप्या घेतल्या. एकामागून एक घालत गेलो, मशीनने तक्रार केली नाही. नक्कल वाचून पाहण्याचा आणखी एक तास मी वाचवला.

मग तक्ता उघडला. पडद्यावर आकडे आणि अक्षरांच्या रांगा. दोन ओळी भरलेल्या, दोन रिकाम्या. कारखान्याची सिस्टिम आधी टाकलेली, म्हणजे तिची ओळ वरची, असा माझा हिशेब. कोणती ओळ कोणाची हे सांगणारा एक आकडा प्रत्येक ओळीत असतो. तो बघायचा म्हणून मी पुढे झुकलो आणि तेवढ्यात दिवा मंदावला. स्टॅबिलायझर खटखट वाजायला लागला. लिहिता लिहिता वीज गेली तर सगळा तक्ताच बिघडेल, अशी मला भीती वाटली. मी भराभर वरच्या ओळीत शून्यं भरली आणि लिहून टाकलं.

दिवा पुन्हा लख्ख झाला. मी मशीन परत चालू केलं.

पडदा काळा राहिला. कोपऱ्यात एक ओळ आली, की सुरू करण्यासारखी सिस्टिम सापडत नाही.

फ्लॉपीवरून मशीन उठवलं, डिस्कवर जायला सांगितलं. उत्तर आलं, अशी डिस्क नाही. डिस्कवरचे भाग दाखवायला सांगितले. एकच दिसला, तो परका. जो काढायला आलो होतो तो जागेवर होता. मुलांच्या वजनांचा भाग मी पुसला होता.

कीबोर्डवरची अक्षरं मला ओळखीची वाटेनात. सुमन शेजारच्या स्टुलावर बसून सगळं बघत होती.

"काय झालं, सर?"

"काही नाही. होतं असं." मी कीबोर्ड पुन्हा पुढे ओढला. "आता हा भाग नव्याने बनवायचा, साफ करायचा आणि नक्कल परत भरायची. तासाभराचं काम."

मी त्या हुकमाची अक्षरं टाइप केली. फक्त एंटर राहिला होता. तेव्हा ती म्हणाली, "सर, साफ करायच्या आधी त्या फ्लॉप्या वाचून बघा ना. गेल्या पावसात डब्यात बुरशी आलेली. मी पुसल्या, पण काय सांगावं."

मला तिचा राग आला. खरंच आला. तरी मी टाइप केलेलं खोडलं आणि फ्लॉप्या वाचायला घेतल्या. सहा नीट वाचल्या गेल्या. सातवीला मशीन घरघर करू लागलं, बराच वेळ घरघरलं आणि पडद्यावर आलं, वाचता येत नाही. पुन्हा घातली. पुन्हा तेच. नववीही तशीच.

मी ते एंटर दाबलं असतं तर? डिस्कवरचं पुसलं गेलं असतं आणि फ्लॉप्यांवर अर्धवट उरलं असतं. आजही हे लिहिताना मला पाणी प्यावंसं वाटतंय.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला आणि पत्र्याखालची खोली भट्टीसारखी झाली. डॉक्टरबाई दारात आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, चष्म्याच्या काचांवर धूळ. "यादी निघाली का?"

इथे मी जे केलं ते मला आजही सहज सांगता येत नाही. मी म्हणालो, "व्होल्टेजने घोळ केला, बाई. आणि नक्कल होती, पण फ्लॉप्या खराब निघाल्या. दमट जागी ठेवल्यात."

बाई सुमनकडे वळल्या. "तुला किती वेळा सांगितलं होतं, ओल धरू नये म्हणून कपाटात दिवा लावून ठेव?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग मान खाली घातली. "व्हय बाई," ती म्हणाली.

वीज संध्याकाळपर्यंत आली नाही. मी साडेपाचची एसटी धरून जव्हारला घरी गेलो. घाटात गाडी वळणं घेत होती आणि माझ्या डोक्यात एकच चालू होतं. उद्या दुपारी जीप यादीशिवाय निघणार. त्यातलं एखादं पोर राहून गेलं तर? आणि साहेबांना कळलं तर? खोटं बोलायचं नाही, तर सांगतो, आधी मला नोकरीचीच भीती वाटली. पोरांची नंतर.

अब्बा दुकान आवरत होते. डोळ्याला लावायचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "काय मोडून आलास?"

मी मशीनचं सगळं सांगितलं. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण ते मध्ये न बोलता ऐकत राहिले. मग म्हणाले, "इक्बाल, घड्याळ बिघडलं की मी काय करतो? बिघाड शोधत नाही. आधी माझा हात कुठे कुठे लागला ते एकेक करून आठवतो. तू काय पुसलंस, त्याच्या आधी काय बघितलंस, ते सांग."

"दोन ओळी होत्या. वरची पुसली."

"वरची का?"

"जुनी आधीची, म्हणून वरची."

"कोणी सांगितलं, वरून खाली लिहितात म्हणून? मी दुकानाची हिशेबाची वही उर्दूत उजवीकडून लिहितो. तुझा भाऊ मराठीत डावीकडून."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. जुन्या काळी काही सिस्टिम हा तक्ता खालून वर भरत. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. जुन्या सिस्टिमने सर्वांत खालची ओळ घेतली होती आणि नंतर आलेल्या डॉसने तिच्या वरची. आणि त्याबरोबरच दुसरी गोष्ट सुचली. खालची ओळ अजून शाबूत आहे. तिच्यात परक्याचा भाग कुठे संपतो ते लिहिलेलं आहे. तो जिथे संपतो तिथूनच आमचा सुरू होत असणार. डिस्क किती मोठी ते तिच्यावरच्या लेबलवर छापलेलं असतं. म्हणजे पुसलेली ओळ पुन्हा मांडता येईल. ज्याला मी हाकलायला गेलो होतो, त्याच्या हद्दीवरूनच.

"आणि त्या बाईंना काय सांगितलंस?" अब्बांनी विचारलं.

मी एसटीचं तिकीट बोटांत गुंडाळत राहिलो. त्यांनी भिंग डबीत ठेवलं आणि पुन्हा विचारलं नाही.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी मोखाड्याला पोचलो तेव्हा आकाश भरून आलं होतं. वीज नव्हतीच. ओट्यावर सुमन एका साठीच्या बाईला समोर बसवून वहीत लिहीत होती. त्या जानकीबाई, वांगणीकडच्या पाड्यांवर फिरून मुलं तोलणाऱ्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, वजनं त्या तोंडाने सांगत आणि दुसरं कोणीतरी चिठ्ठीवर लिही. यादी गेली असं समजून सुमन त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा लिहायला बसली होती.

"टेकडीवरच्या घरची धाकली," जानकीबाई सांगत होत्या. "ती बारीक झाली. तिच्या पल्याडचा पोर बरा हाय. मंग... मंग कोन?" त्यांनी डोळे मिटले. "नाय गं आठवत. या महिन्याचा सांगीन. मागल्या महिन्याचा कसा सांगू?"

मी शेजारी टेकलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "यादी नव्हती तेव्हा कसं करायचात?"

जानकीबाईंनी माझ्याकडे बघितलं. "कागुद नव्हता तवा? पावसात एक पोर गेला. मीच तोललेला. दोन डाव कमी भरला, ते माझ्या ध्यानात राहिला नाय." त्या थांबल्या. "ध्यानात कसा राहील? लय पोरं."

सुमनने पान उलटलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

साडेदहाला पंखा फिरायला लागला. आम्ही दोघं धावलोच.

खालच्या ओळीतले आकडे मी या वेळी कागदावर उतरवले. ओळ कोणाची ते सांगणारा आकडा बघितला. परक्याचाच. डिस्कवरची जागा गोल पट्ट्यांत मोजतात; त्याची शेवटची पट्टी कोणती ते मांडलं, त्यात एक मिळवला, ती आमची पहिली. आमची शेवटची कोणती, तिथे मी अडखळलो. डिस्कच्या टोकाची एक पट्टी डॉस मोकळी सोडतं की नाही? एकाने चूक झाली तरी मशीन भलतीच जागा आपली समजेल. मी दोन वेळा बेरीज केली, दोन उत्तरं आली.

"मला द्या," सुमन म्हणाली आणि तिने कागदावर बेरीज केली. माझ्या दुसऱ्या उत्तराशी जुळली. पहिल्यात मी हातचा विसरलो होतो. मला एवढंही नीट जमत नव्हतं.

डॉस टोकाची पट्टी राखून ठेवतं असं शिकल्याचं आठवलं, म्हणून ती मोकळी सोडली. आकडे भरले. लिहायच्या आधी मी सुमनला म्हणालो, "तुम्ही पडद्यावरचे वाचा, मी कागदावरचे बघतो." तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला. बाहेर ढग गडगडला तशी ती थांबली, दिव्याकडे बघितलं आणि पुढचा वाचला. मी लिहिलं. मशीन बंद केलं, चालू केलं.

डिस्क फिरायला लागल्याचा आवाज आला. मग डिस्क वाचणारं डोकं हलल्याची टकटक. पडद्यावर डॉस उभं राहिलं. मी फाइलींची यादी मागितली आणि ती खालून वर सरकायला लागली. एकामागून एक पाड्यांची नावं.

सुमनने दोन्ही हात तोंडावर धरले होते. मी उठून बाहेर गेलो आणि ओट्याच्या कडेला उकिडवा बसलो. जानकीबाईंनी विचारलं, "सापडली पोरं?" मी मान हलवली.

यादी छापायला जागा नव्हती, म्हणून मी बिनकामाच्या दोन फाइली फ्लॉपीवर हलवल्या आणि तेवढ्या जागेत यादी बसवली. हेही मला काल सुचायला हवं होतं. हे सुचलं असतं तर यादी काल दुपारीच हातात असती. प्रिंटर करकरायला लागला. सुमन कागद फाडून जानकीबाईंना वाचून दाखवत होती आणि त्या प्रत्येक चांदणीवाल्या नावाला घर सांगत होत्या. टेकडीवरच्या धाकलीला चांदणी होती. तिच्या पल्याडचा पोर, जो बरा आहे असं त्या सकाळी म्हणाल्या होत्या, त्यालाही होती.

जानकीबाई त्या नावापाशी थांबल्या. "ह्यो?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "वाच पुन्यांदा."

सुमनने तीन महिन्यांची वजनं वाचली. प्रत्येक महिन्याला थोडं थोडं कमी. डोळ्याला दिसत नव्हतं, आकड्यांत दिसत होतं.

बारा वाजता जीप निघाली. बाई पुढे, जानकीबाई मागे, मांडीवर कागद.

मग मी आलो होतो ते काम केलं. या वेळी कंपनीच्या नव्या फ्लॉप्यांचं पाकीट फोडलं. नक्कल काढली आणि सगळीच्या सगळी परत वाचून बघितली. दोन्ही ओळी कागदावर उतरवल्या. तक्ता उघडला. खालची ओळ, परक्याची, मी सुमनला दाखवली. "हीच ना?" तिने आकडा बघितला, कागद बघितला. "हीच." मी पुसली. मशीन नीट उठलं. मोकळ्या झालेल्या जागेत डॉसचा नवा भाग केला. जितकी जागा होती जवळजवळ तितकीच आणखी मिळाली. कारखान्याची सिस्टिम गेली. तिच्यात काय होतं ते मी कधी पाहिलं नाही, पण तिची ओळ पुसताना मला थोडं वाईट वाटलं.

चारच्या सुमारास पाऊस कोसळला. जीप आली तेव्हा तिला चिखल खिडकीपर्यंत लागला होता. बाई उतरल्या, पाठोपाठ दोन बाया. एकीच्या कडेवर टेकडीवरची मुलगी, दुसरीच्या पदराखाली तो मुलगा. वर्ष-दीड वर्षाचा असेल. तो रडत नव्हता, नुसता बघत होता. बाई त्यांना घेऊन थेट आतल्या खोलीत गेल्या. दोघंही पुढे वाचली, हे मला पावसाळ्यानंतर कळलं. त्या संध्याकाळी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मला एसटी गाठायची होती. आमच्याकडे प्रत्येक कामाचा एक फॉर्म भरायचा असे, कार्बन लावून. बिघाडाचं कारण, केलेलं काम, इंजिनिअरची सही, ग्राहकाचा शेरा आणि सही. कारणासमोर मी सवयीने लिहिलं, "विजेचा दाब कमी-जास्त झाल्याने आणि फ्लॉप्या खराब असल्याने." बाई आत होत्या, म्हणून फॉर्म सुमनपुढे सरकवला.

तिने ते सावकाश वाचलं. पेन उचललं नाही.

"सर, हे असं नाय झालं."

"ते तसंच लिहितात, सुमनताई."

"दिवा कमी झाला, खरं. पण तवा वीज गेली नव्हती. तुम्ही वरची वळ पुसली. मी बघत व्हते." आवाज चढलेला नव्हता. "काल बाईंनी मला बोललं ते मी ऐकून घेतलं. तवा यादी जास्त गरजेची व्हती. आता यादी निघाली. आता मी याच्यावर सही नाय करणार."

मला प्रोबेशन आठवलं, साहेबांचा चेहरा आठवला. आणि आतून त्या मुलाच्या आईचा हळू आवाज येत होता, त्याच्याशी काहीतरी बोलणारा, त्यांच्या बोलीत.

मी फॉर्म फाडला. दुसरा घेतला. कारणासमोर लिहिलं, "इंजिनिअरच्या चुकीने चुकीचा भाग पुसला गेला. नक्कल तपासली नव्हती. भाग परत मिळवला." सही केली. मग म्हणालो, "काल मी तुमच्यावर ढकललं. माफ करा. बाईंनाही सांगतो."

"ही खालची कॉपी त्यांच्या टेबलावर ठेवते," ती म्हणाली. "त्या वाचतील."

बाईंनी ती वाचली आणि सुमनला बोलावून तिच्यासमोर आपली चूक कबूल केली, असं नंतर समजलं. मला त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. कंपनीत मला मेमो मिळाला आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. मेमो मी घरी नेऊन अब्बांना दाखवला. त्यांनी तो दुकानाच्या गल्ल्यात ठेवून दिला.

पण त्या संध्याकाळी हे सगळं पुढे होतं. सुमनने फॉर्म वाचला, सही केली आणि शेऱ्याच्या जागेत गोल अक्षरात काहीतरी लिहिलं. मी एसटीच्या घाईत कागद ओढून घेतला आणि दारातच वाचला.

"काम झाले. यादी मिळाली. पुढील वेळी हेच इंजिनिअर पाठवावेत."

मी मागे वळलो. "असं का लिहिलंत? एवढं होऊनही?"

ती मशीनवर कापड पांघरत होती. "दुसरा कोणी आला तं तो परत वरचीच वळ पुसेल," ती म्हणाली. "तुम्ही आता नाय पुसणार."